शिरसाठ डॉक्टरांचं गटिंग

शिरसाठ डॉक्टर माणसाचं ऐकून घेत नसत. हा मी त्यांच्यावर केलेला आरोप नव्हे, ते स्वतःच छाती काढून सांगायचे. ते जनावरांचे डॉक्टर होते, धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात. सोनगीरकडची बरीच गावं त्यांच्या दौऱ्यात यायची. एखादा शेतकरी म्हैस घेऊन आला की म्हशीच्या आधी तोच बोलायला लागायचा, "डॉक्टरसाहेब, चाऱ्याले तोंड लावत नही, आमनं बठ्ठं करी दखं..." काय काय करून पाहिलं ते तो सांगायला लागला की डॉक्टर हात वर करायचे. "तू चूप बस भाऊ. तिले सांगू दे."

मग ते म्हशीच्या पोटाला कान लावायचे, पापणी खाली ओढून बघायचे, पाठीवरून बोटं फिरवत न्यायचे. शेतकरी बिचारा दोरी धरून अपराध्यासारखा उभा. नंतर आम्हाला सांगायचे, "जनावर खोटं बोलत नाही. मालक बोलतो. काल काय खायला घातलं ते लपवतो, कुणी काठी मारली ते लपवतो. ज्याला बोलता येतं त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा."

हाच धडा ते संध्याकाळी बॅडमिंटनच्या हॉलवर घेऊन यायचे, आणि तिथं त्यांच्या तावडीत आम्ही सापडायचो.

ऐंशीनंतरची ती वर्षं. मी टेलिफोन खात्यात होतो, नुकतीच धुळ्याला बदली झाली होती. पांझरा नदीच्या बाजूला एक पत्र्याचा हॉल होता. एप्रिल-मेमध्ये तो पत्रा असा तापायचा की पहिल्या गेमनंतर माणूस उकडून निघायचा. तरी आम्ही जायचो. वकील, प्राध्यापक, दोन-तीन व्यापारी, बँकेतली मंडळी. सगळ्यांच्या खेळात हौस भरपूर आणि कसब बेताचं. डॉक्टर त्यातले बरे खेळणारे, पण त्यांचा खरा दरारा होता तो गटिंगमुळे. रॅकेटच्या चौकटीत तार ओवून जाळी भरण्याला आम्ही गटिंग म्हणायचो. तार तुटली की पूर्वी रॅकेट नाशिकला नाहीतर जळगावला पाठवावी लागायची, आणि तिथला दुकानदार सगळ्यांच्या रॅकेटी एकाच मापानं ओढून द्यायचा. डॉक्टरांना ते बघवेना. त्यांनी सुताराकडून एक लाकडी ठोकळा करून घेतला, चांभाराची आरी आणली, दवाखान्यातला रक्तवाहिनी पकडायचा चिमटा आणला, आणि क्वार्टरच्या व्हरांड्यात दुकान मांडलं. दुकान म्हणायचं एवढंच. पैसे काढले की माणसाला हाकलून द्यायचे.

रॅकेट घेऊन गेलं की पहिला प्रश्न ठरलेला. "ताकद पाहिजे की ताबा?"

"दोन्ही द्या की डॉक्टर," कुणीतरी म्हणायचंच.

"मग दोन रॅकेटी घ्या."

यातलं शास्त्र त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. तार जरा सैल ठेवली की जाळी आत दबते आणि फुलाला, म्हणजे शटलकॉकला, उसळवून फेकते. मनगटात दम नसला तरी फूल मागच्या रेषेपर्यंत जातं. ही ताकद. तार घट्ट ओढली की जाळी फळीसारखी होते. ती स्वतःचं काही देत नाही, पण फूल सांगाल तिथं जातं. हा ताबा. लोकांना नेमकं उलटं वाटतं. घट्ट म्हणजे जोरदार असं धरून सगळे "कसून ओढा डॉक्टर" म्हणायचे. ते ऐकलं की डॉक्टरांचं डोकं फिरायचं. "जोर सैल तारेत असतो. घट्ट तारेला जोर आपला लावावा लागतो. तुमच्याकडे आहे का?"

एका वकिलांनी एकदा हट्टच धरला. घट्टच पाहिजे, स्मॅश बसला पाहिजे, नाहीतर पैसे देऊन जळगावहून करून आणतो. डॉक्टर म्हणाले, "बोलू नका. खेळून दाखवा." वकिलांनी पाच मिनिटं खेळून दाखवलं. डॉक्टरांनी रॅकेट नेली, होती त्यापेक्षा चांगली सैल भरली आणि परत देताना गंभीर चेहऱ्यानं बजावलं, "लय घट्ट केलीय, जपून मारा." महिनाभर वकील दणादण स्मॅश मारत सुटले आणि सगळ्यांना घट्ट तारेचं महत्त्व पटवत राहिले. डॉक्टरांनी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही, आम्हाला मात्र रोज सांगितलं. माणूस काय म्हणतो ते सोडून द्या, हा त्यांचा मुद्दा त्यात सिद्ध होत होता ना.

दुसरी गंमत शेठजींची. कापडाचे व्यापारी, कांदा-लसूणसुद्धा न खाणारे. खेळ मात्र असा नाजूक की फूल नेटवरून लोळत पलीकडे पडायचं. त्यांच्या रॅकेटला डॉक्टरांनी नायलॉनऐवजी तात भरली होती. तात म्हणजे मेंढीच्या आतड्याची तार. महाग, पावसाळ्यात लगेच खराब होणारी, पण हाताला जी जाण देते ती नायलॉन देत नाही. शेठजी खूश होते. एके दिवशी डॉक्टरांना राहवलं नाही. "शेठ, तुमच्या हातात मेंढी आहे." शेठजींनी रॅकेट तिथंच टाकली आणि घरी जाऊन आंघोळ केली म्हणे. नायलॉन भरून घेतलं, आणि खेळ पार बसला. महिन्याभरानं व्हरांड्यात येऊन, इकडे-तिकडे बघत ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, नवीन काहीतरी घाला. काय घातलं ते मला सांगू नका." डॉक्टरांनी तात घातली आणि सांगितलं नाही.

गटिंग झालं की रॅकेट लगेच मिळायची नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. तारेला दोन-तीन दिवस बसू द्यायचं, ताण सगळीकडे सारखा होऊ द्यायचा, मग हात लावायचा. तोवर रॅकेट लाकडी शिकंज्यात अडकवून बैठकीतल्या भिंतीवर टांगलेली असायची. भिंतीच्या मधोमध बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर, आणि दोन्ही बाजूंना गावाच्या रॅकेटी. विमलअक्का, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्या म्हणायच्या, "आमच्याकडे पाहुणा आला की त्याला वाटतं दुकानात आलो." पण त्यांचीही तक्रार नसावी. डॉक्टर हसत असायचे ते त्या व्हरांड्यातच.

डॉक्टर धरणगावकडच्या एका खेड्यातले. वडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि हंगामात जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. शिकायला धरणगावात असताना एका साहेबाच्या बंगल्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा बॅडमिंटन पाहिलं, तारेच्या कुंपणाबाहेरून. फूल बाहेर पडलं की ते आत फेकायचं, एवढाच त्यांचा त्या खेळाशी संबंध. "फेकायला लागलो म्हणून तर कळलं फूल कसं उडतं ते," असं ते हसत सांगायचे. पण त्यांची मुलगी कोर्टवर उतरली की त्यांचा चेहरा असा व्हायचा, की बोलायची हिंमत होऊ नये.

मुलीचं नाव संघमित्रा. आम्ही सगळे मित्रा म्हणायचो. पंधरा-सोळा वर्षांची, सडपातळ, उंच, आणि तोंडाची फटकळ. बापाची नक्कल ती बापासमोर करायची. अक्कांनी पोळी वाढायला घेतली की ही हात वर करून म्हणायची, "तू चूप बस. पोळीले सांगू दे." डॉक्टर आधी डोळे वटारायचे, मग तेच हसत सुटायचे. खेळात मात्र ती बापाच्या मनासारखी होती. जोर कमी, पण ताबा असा की मागच्या कोपऱ्यातून मारलेलं फूल समोरच्या कोपऱ्यात अल्लद टेकवायची. तिच्या रॅकेटची तार डॉक्टर सगळ्यांत घट्ट ओढायचे. हॉलमध्ये तिच्याशी खेळून मी कधी जिंकलो नाही, आणि हरलो त्याचं वाईटही वाटलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर जळगावला ज्युनियर संघाची निवड होती. निवड झाली की राज्य स्पर्धा, पुढं आणखी काय काय. डॉक्टरांनी मनात सगळं रचून ठेवलं होतं. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मित्रा पहिल्यांदा म्हणाली, "आबा, हात दुखतोय."

मी तेव्हा व्हरांड्यातच बसलो होतो. डॉक्टरांनी विचारलं, "कुठं?" तिनं उजव्या दंडाचा वरचा भाग दाखवला, खांद्याच्या जरा खाली. डॉक्टरांनी दाबून पाहिलं, हात गोल फिरवून पाहिला, पाठीमागं नेऊन पाहिला. "काही नाही. रॅकेट आण."

त्यांचं म्हणणं असं की लाकडी रॅकेट जड, तार घट्ट, म्हणून फुलाचा झटका जाळीत जिरत नाही, तो दांड्यातून मनगटात आणि मनगटातून वर चढतो. यात चूक काहीच नव्हती, झटका खरंच चढतो. त्यांनी लाकडी रॅकेट काढून पोलादी दांड्याची आणली. नवीन गटिंग केलं, दोन-तीन दिवस तार बसू दिली. मित्रा खेळायला उतरली. "कसं वाटतंय?" "बरं वाटतंय आबा." डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हणत होते, करून दाखवलं की नाही.

आठवड्या-दीड आठवड्यात पुन्हा दुखायला लागलं. आता तार थोडी सैल. पुन्हा दोन-तीन दिवस रॅकेट भिंतीवर. पुन्हा बरं वाटलं, पुन्हा दुखलं. मग नायलॉन काढून तात. मग अॅल्युमिनियमची हलकी रॅकेट. अक्कांचा एक भाऊ बोटीवर होता, त्याच्याकडून कार्बनची रॅकेट मागवली. धुळ्यात तोवर कुणी ती पाहिलेली नव्हती. सगळा हॉल बघायला लोटला होता. एका हातात लाकडी, दुसऱ्या हातात कार्बन धरून डॉक्टर डोळे मिटून उभे राहायचे. एकाच जागेवरून एकच फटका आलटून पालटून सगळ्या रॅकेटींनी मारायचे आणि आपल्याच दंडावर डावा हात ठेवून झटका कुठवर येतो ते बघायचे. मला समोर उभं करून फुलं मारायला लावायचे. इतकं मन लावून रॅकेटींची पारख करणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

प्रत्येक वेळी बरं वाटायचं हे खरं होतं. तार बसेपर्यंत ते तिला दुसऱ्या रॅकेटनं खेळू देत नसत, हातातली सवय मोडते म्हणून. म्हणजे प्रत्येक गटिंगच्या मागं हाताला दोन-तीन दिवसांची विश्रांती मिळत होती. बरं वाटायचं ते विश्रांतीनं. श्रेय जायचं तारेला. हे आता इथं बसून लिहायला सोपं आहे, तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

श्रावणात एकदा ती म्हणाली, "आबा, रॅकेट हातात नसली तरी दुखतं."

डॉक्टर आरीनं भोक साफ करत होते. मान वर न करता म्हणाले, "खेळणाऱ्याच्या हातातून रॅकेट कधी सुटतच नाही. तू बोलण्याकडे लक्ष देऊ नको, फटक्याकडे दे."

"मीच बोलतेय आबा," ती म्हणाली. "माझ्या बोलण्याकडे मी कशी लक्ष देऊ नको?"

आम्ही सगळे हसलो. तीही हसली. अक्का तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की पोरगी झोपेत कण्हते, एखाद्या डॉक्टरला दाखवू या. "डॉक्टर घरातच आहे की," शिरसाठ म्हणाले. पण मनात शंका राहू नये म्हणून त्यांनी त्यांच्या पद्धतीनं तपासलं. बैल लंगडतो का बघायला त्याला चालवतात, तसं मित्राला खेळवलं आणि स्वतः कोर्टबाहेर उकिडवे बसून तिच्या हाताकडे बघत राहिले. आणि ती पोरगी जीव लावून खेळली. निवड तिलाही हवी होती. हात दुखतोय असं दिसलं तर आबा जळगावला नेणार नाहीत, एवढं तिला कळत होतं. डॉक्टर उठले, पँट झटकली. "बघा. हात स्वच्छ आहे."

नवरात्राच्या सुमारास तिचा तो दंड भरलेला दिसायला लागला. डॉक्टरांनी मला कौतुकानं बोलावून दाखवला. "बघा, स्मॅशचा हात तयार होतोय. ताबा होताच, आता ताकद येतेय." मित्रा दुसरीकडे बघत उभी होती. तो दंड माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. त्या वाक्याचा मला आजही संताप येतो, आणि ज्या माणसानं ते म्हटलं त्याची तितकीच कीव येते.

जळगावच्या निवडीला मी रजा काढून गेलो होतो. हॉल भरलेला. पहिला गेम मित्रानं सहज घेतला. समोरची मुलगी दणकट होती, पण मित्रानं तिला कोपऱ्या-कोपऱ्यात पळवून दमवलं. कार्बनची रॅकेट, तात भरलेली, ताण डॉक्टरांनी शेवटी ठरवला तो. डॉक्टर बाकावर बसले होते आणि प्रत्येक फटक्याचा आवाज ऐकत होते, बघत कमी होते. दुसऱ्या गेममध्ये एक फूल डोक्यावर आलं, उंच, निवांत. मित्रा त्याच्याखाली गेली, हात मागं घेतला, आणि काडकन आवाज झाला. फूल तिच्या मागं पडलं, रॅकेट हातातून निसटली, आणि ती खाली बसली.

सगळ्यांना वाटलं, रॅकेट मोडली. डॉक्टर बाकावरून उठून धावले. त्यांनी आधी रॅकेट उचलली. उजेडाकडे धरली, चौकटीवरून अंगठा फिरवला, दांडा वाकवून पाहिला. तेवढाच वेळ गेला, फार नाही. पण भरल्या हॉलमध्ये सगळे ते बघत होते.

"आबा," मित्रा खालून म्हणाली, "रॅकेट चांगली आहे."

मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. हात खांद्याखाली भलत्याच जागी वळलेला होता.

जळगावच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून काचेवर लावला. समजावून सांगायची वेळच आली नाही. शिरसाठांनी आयुष्यभर हाडं पाहिली होती, जनावरांची का असेनात. दंडाचं हाड आतून पोखरलेलं होतं आणि बाहेर गाठ वाढली होती. तोच तो स्मॅशचा हात. ते काचेसमोरून हलेनात. शेवटी मी त्यांना खुर्चीवर बसवलं.

पुढं मुंबई. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस दुखत होतं? उन्हाळ्यापासून. मग इतके दिवस काय करत होतात? अक्कांनी हे नंतर आमच्या सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. शिरसाठ म्हणाले, "मी रॅकेट बदलत होतो." समोरच्या माणसाला काही कळलं नाही. त्याला वाटलं, भाषेची अडचण आहे. त्यानं पुन्हा विचारलं, आणि डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं.

मित्राचा उजवा हात खांद्यापासून काढला.

धुळ्याला परत आल्यावर डॉक्टरांनी भिंतीवरच्या सगळ्यांच्या रॅकेटी घरोघरी नेऊन दिल्या, काही तर अर्ध्या भरलेल्या. शेठजींनी विचारलं, "आता कुणाकडे जाऊ?" डॉक्टरांनी रॅकेट त्यांच्या पेढीच्या पायरीवर ठेवली, आणि शेठजीच ओशाळून आत निघून गेले. हॉलवर डॉक्टर पुन्हा आले नाहीत. दवाखान्यात मात्र त्यांच्यात असा बदल झाला की शेतकऱ्यांनाही चुकल्यासारखं व्हायला लागलं. आता ते मालकाला खुर्ची द्यायचे आणि सगळं ऐकून घ्यायचे. म्हैस कधी व्याली, कुणाकडून घेतली, सासऱ्याशी भांडण का झालं, सगळं. सोनगीरचा एक म्हातारा मला म्हणाला होता, "डॉक्टर आते बठ्ठं ऐकी लेतस, मंग हात लावतस. पहिले बरं व्हतं." ऐकण्यात वेळ जायचा, आणि लोक खोटंही सांगायचेच. एक-दोन जनावरं त्यात गेलीही असतील. पण डॉक्टरांनी धरलं ते धरलं. समोरचा सांगेल ते खरं.

घरात तर मित्राचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. तिनं भात नको म्हटलं की ताट लगेच उचललं जायचं. बाहेर जायचं नाही म्हटलं की दार बंद. तिला त्याचा कंटाळा यायचा. "काका, यांच्याशी भांडताही येत नाही आता," ती मला म्हणाली. "काहीही म्हटलं तरी 'बरं' म्हणतात. आधीचे आबा बरे होते, निदान वाद तरी घालायचे." डाव्या हातानं लिहायला ती शिकली. अक्षर उताराला लागल्यासारखं कललेलं, पण वाचता यायचं. बारावीची परीक्षा तिनं लेखनिक न घेता दिली. पास झाली, आणि डॉक्टरांनी हॉलवाल्या सगळ्यांना पेढे पाठवले. स्वतः आले नाहीत.

त्या पेढ्यांच्या सुमारास तिला धाप लागायला लागली होती. मुंबईला नेलं. गाठ फुफ्फुसात गेली होती. पुन्हा चिरण्यासारखं काही नव्हतं. गोळ्या दिल्या आणि घरी न्या म्हणाले.

त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी एकच काम नेमानं केलं. सकाळी दौऱ्यावर निघण्याआधी तिच्या खाटेजवळ स्टुलावर बसायचे आणि विचारायचे, "दुखतंय का गं?"

"नाही आबा."

"नक्की?"

"नक्की."

मग उठायचे. संध्याकाळी आल्यावर पुन्हा. तिच्या तोंडून "नाही" ऐकलं की त्यांचे खांदे जरा खाली यायचे, आणि मग ते जेवायचे. कुणी भेटलं की सांगायचे, "तब्येत तशी आहे, पण त्रास नाही. तिनंच सांगितलं."

खरं काय ते अक्कांनी सुनंदाला सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात, एका दुपारी. पोरगी तोंडात गोधडीचं टोक कोंबते, म्हणाल्या. गोळ्या घेते त्यासुद्धा त्यांची जीप फाटकाबाहेर गेली की. अक्का चिडल्या होत्या तिच्यावर. का गं, त्यांना सांग की, ते आता मानतात तुझं. तर मित्रा म्हणाली, "म्हणून तर. मी दुखतंय म्हटलं तर मानतील, आणि मानून काय करतील, आई? त्यांच्या हातात बदलायला आता काही नाही." आणि अक्कांकडून वचन घेतलं, आबांना कधीच कळता कामा नये. सुनंदानं हे मला सांगितलं तेव्हा ती रडत होती. मी तिला गप्प हो म्हटलं नाही, मलाही रडायचंच होतं.

होळीच्या आधी मित्रा गेली.

माझी पुढं जळगावला बदली झाली. डॉक्टर निवृत्त होऊन धरणगावला राहायला गेले, एवढं कानावर होतं. जायचं राहून जात होतं. तसल्या घरी जायला पाय लवकर उचलत नाहीत, हे खरं कारण. नव्वदनंतर एकदा खात्याच्या कामासाठी धरणगावला जाणं झालं, तेव्हा गेलो.

दोन खोल्यांचं साधं घर. पुढच्या ओट्यावर डॉक्टर बसले होते, बनियन आणि धोतरात. बारीक झाले होते, पण डोळे तसेच. मला बघून आनंदानं उठले, आत हाक मारली, "अगं, आपले टेलिफोनवाले आले." थोडा वेळ धुळ्याच्या लोकांबद्दल बोललो. वकील वारले होते. शेठजींची पेढी मुलगा बघतो. हॉलचा पत्रा वादळात उडाला. ते सगळं ते मन लावून ऐकत होते, मान हलवत होते. मी मित्राचा विषय काढणार नव्हतो. त्यांनीच काढला.

"तुम्हाला सांगतो," ते म्हणाले, "मी जे केलं त्याला माफी नाही. मी कुणाकडे मागतही नाही. हाडाचं दुखणं, आणि मी तार ओढत बसलो." मी काहीतरी म्हणायला गेलो, तर त्यांनी हात हलवला. "नाही, ऐका. एकच गोष्ट मला तारून नेते. शेवटी पोरीला त्रास झाला नाही. त्या आजारात माणसं कशी ओरडतात, मी मुंबईला बघितलंय. आपली मित्रा शांत होती. मी रोज विचारायचो ना. सकाळी विचारायचो, संध्याकाळी विचारायचो. नाही म्हणायची. आणि मी मानलं. आधी नाही मानलं, पण नंतर तिचा प्रत्येक शब्द मानला. तुम्ही होतात की तिथं. मानला ना?"

"मानलात, डॉक्टर," मी म्हणालो.

"आणि खोटं ती कधी बोलायची नाही. हेच मला आधी कळायला पाहिजे होतं."

दारात अक्का चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. पुढं येऊन त्यांनी माझ्या हातात कप दिला. दुसरा डॉक्टरांच्या हातात देताना तो नीट धरला जाईपर्यंत आपला हात सोडला नाही.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "खोटं कधीच नाही बोलली."